लोकप्रतिनिधींची वेतनकपात : सक्तीची आणि स्वेच्छेची

लोकप्रतिनिधींचे वेतन कायद्याने ठरते. अडचणीच्या काळात ते कायदा बदलून कमी करता येते किंवा स्वेच्छेने सोडता येते.

खासदार : कोरोनाकाळात एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने देशातील सर्वच खासदारांच्या एक लाखाच्या मासिक वेतनातून वर्षभरासाठी ३० हजार रुपये कापले गेले. पुढे संसदेने तसा कायदा केला.

आमदार : महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही एप्रिल २०२० मध्येच आमदारांच्या वेतनात वर्षभरासाठी ३० टक्के कपात ठरवली.

स्वेच्छेने : राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि राज्यपालांनी आपणहून ३० टक्के वेतन सोडण्याचे ठरवले.

प्राप्तिकर : लोकहितासाठी केंद्र सरकारकडे स्वेच्छेने सोडलेल्या वेतनाला १९६१ च्या स्वतंत्र कायद्याने करातून सूट आहे.