नाव असलेला प्रचार, नाव नसलेला प्रचार

समाजमाध्यमांवरचा प्रचार हाही निवडणूक प्रचारच आहे, असे भारत निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ च्या आदेशाने स्पष्ट केले. तेव्हापासून उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, आपली समाजमाध्यमांवरील खाती नोंदवावी लागतात. जाहिरातींचे पैसे, मजकूर तयार करण्याचा खर्च, खाती सांभाळणाऱ्यांचे पगार, हे सारे त्याच्या निवडणूक खर्चात धरले जाते. महाराष्ट्रात या खर्चाची मर्यादा २०२२ पासून लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे.

ही सारी व्यवस्था उमेदवाराच्या नावाभोवती उभी आहे, आणि तिची मेख तिथेच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ नुसार उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केलेला अथवा मंजूर केलेला खर्चच मोजला जातो. ‘समर्थक’ म्हणवणाऱ्या एखाद्या पानाने पैसे मोजून जाहिरात चालवली, तर तो खर्च उमेदवाराचाच, हे सिद्ध करावे लागते. उमेदवाराच्या लेखी अधिकाराविना असा खर्च करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ नुसार गुन्हा आहे. पण त्याची शिक्षा दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड, एवढीच.

म्हणून स्तुती उमेदवाराच्या खात्यावर दिसते आणि चिखलफेक निनावी पानांवर. प्रतिज्ञापत्रे आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. आपल्या फोनवर आलेला मजकूर त्यात नोंदवलेल्या खात्यावरचा आहे का, एवढे पाहिले तरी बोलणारा कोण आणि लपणारा कोण, हा प्रश्न मतदानाआधी विचारता येतो.