परिधावीची साक्ष

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना आक्षी गाव लागतं. तिथल्या दगडावर माथ्याला चंद्रसूर्य, खाली दान मोडणाऱ्याला गधेगळाचा शाप आणि मध्ये नऊ ओळी. सुरुवातीचं अक्षरच हरवलेलं. उरलंय ते 'गी सुष संतु'. आधी 'ज' धरला की दगड बोलतो: जगी सुख नांदो!

मग कोकणचा राजा केसीदेवराय, त्याचा महाप्रधान भइर्जु सेणुई आणि महालक्ष्मीचं नाव. त्यातच तो आकडा, 'सकु संवतु ९३४'. म्हणजे इसवी सन १०१२.

पण झिजलेल्या दगडावरच्या आकड्यावर विसंबायचं किती? एक रेघ चुकीची वाचली की शतक बदलतं. शिवाय केसीदेवरायाच्या शिलाहार घराण्यात केशिदेव एकटा नाही. दुसरा तेराव्या शतकात होऊन गेला. आणि पणाला लागलं होतं मराठीच्या पहिल्या कोरीव लेखाचं स्थान. तो मान श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या 'श्रीचावुंडराजें करवियलें' या ओळीला होता. त्या ओळीला तारीख नाही. तिचं साल मूर्तीच्या काळावरून धरलेलं, आणि सोबतची ओळ बाराव्या शतकातल्या गंगराजाची.

आक्षीच्या कोरक्याने मात्र आकड्याला साक्षीदार जोडून दिला होता. आकड्यालगतच शब्द आहेत, 'प्रधावी सवसरे'. हे परिधावी संवत्सर. आपल्या साठ संवत्सरांतलं हे शेहेचाळिसावं. आता पंचांगाचा साधा हिशेब: शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं. ९३४ अधिक १२, ९४६. पंधरा वेळा साठ गेले, बाकी ४६. परिधावीच! चीनमधल्या देवळांच्या जुन्या घंटांवर राजाच्या कारकिर्दीचं वर्ष आणि साठाच्या चक्रातलं नाव शेजारी असतं, तेव्हा तिथले वाचकही हाच ताळा करतात.

शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४ हे वाचन मांडलं. १९६३ च्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या त्यांच्या ग्रंथात हा लेख आहे. लेखात अधिक महिना आहे, शुक्रवार आहे. त्यावरून येणारी तारीख १६ मे १०१२. त्या दिवशीचा वार मी स्वतः मोजून पाहिला. बोटं थांबली ती शुक्रवारावर.