मागाच्या कार्डातले दोन मेंदू

भिवंडीच्या माग-मालकांना आणि कारागीर बांधवांना जॅकार्ड म्हणजे काय, हे सांगायला नको. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लिओं शहरात जोसेफ मारी जॅकार्डने पुठ्ठ्यांवर छिद्रे पाडून नक्षी मागाला शिकवली. आता पुठ्ठ्याची जागा अनेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक कार्डाने घेतली आहे. त्यावरील चिपमध्ये दोन-दोन मेंदू, म्हणजे 'कोअर', असू शकतात. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची २०१६ ची ईएसपी३२ ही अशीच स्वस्त दोन कोअरची चिप.

दोन कशाला? मिनिटाला ६०० पिकांनी चालणाऱ्या मागाला एका बाण्यासाठी सेकंदाचा दहावा हिस्सा मिळतो. तेवढ्यात ताण्याचा धागा तुटला का ते पाहायचे, नक्षीची पुढची ओळ पाठवायची आणि वर पडद्यावर आकडेही दाखवायचे. पडद्याच्या नादात धागा तुटल्याची खबर उशिरा वाचली, की ताक्यात दोष आलाच. व्यापारी भाव पाडायला मोकळा. म्हणून घाईची कामे एका कोअरकडे, हिशेब आणि पडदा दुसऱ्याकडे.

या दोघांचा मेळ घालणे हीच खरी कारागिरी. एक रीत अशी, की दोन मुनीम एकाच चोपडीत लिहितात. काम झटपट होते. पण एकाच्या हाती चोपडी, दुसऱ्याच्या हाती शाई आणि दोघेही समोरच्याची वाट पाहत बसले, तर पेढी ठप्प! दुसरी रीत चिठ्ठ्यांची: ज्याची चोपडी त्याच्याजवळ, निरोप तेवढा चिठ्ठीने. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभारलेला परम ८००० हा महासंगणक याच रीतीचा. त्यातील ट्रान्सप्युटर चिपा आपापली स्मृती सांभाळून एकमेकींना निरोप धाडत.

मागासाठी आम्हाला चिठ्ठीच बरी वाटते. नक्षी मात्र मोठी असते, दरवेळी तिची नक्कल कोण करणार? तिथे दोन पाट्या ठेवतात. एक वाचली जात असताना दुसरी भरायची, मग अदलाबदल.

चोपडीच्या रीतीतला घोटाळा हजारात एखाद्या वेळीच होतो. रात्रपाळीत माग अडतो, मेकॅनिकच्या टेबलावर तेच कार्ड मुकाट चालते आणि ठपका कारागिरावर येतो. मीटरवर मजुरी घेणाऱ्याचा बंद मागाने दिवस बुडतो, तो वेगळाच. तेव्हा कार्ड घेताना किंवा दुरुस्त करून आणताना पडद्याची बटणे सारखी दाबत राहा आणि त्याच वेळी जॉबरकडून ताण्याचा एक धागा तोडवून पाहा. माग लगेच थांबला नाही, तर पैसे चुकते करू नका.