पाऊल : त्याची घडण आणि त्याची व्यंगे



उद्या सकाळी अंघोळ झाली, की एक गंमत करून पाहा. ओल्या पायाने कोरड्या फरशीवर एक पाऊल उमटवा आणि मागे वळून बघा. टाच उमटलेली दिसेल, चवडा दिसेल, पाची बोटांचे ठसे दिसतील. पण आतल्या बाजूला मधोमध थोडी जागा कोरडीच राहिलेली असेल. दिवाळीत उंबऱ्याशी लक्ष्मीची पावले काढताना आपल्या आयाबहिणी तो बाक हमखास काढतात. तो कशासाठी आहे, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. आज तेच पाहू.

आपल्या एका पावलात २६ हाडे असतात. मागच्या भागात ७, मधल्या भागात लांबट अशी ५ आणि बोटांत १४. अंगठ्यात दोन आणि बाकीच्या चार बोटांत तीन-तीन, असा तो हिशेब. दोन्ही पावलांची मिळून झाली ५२. सबंध शरीरात हाडे २०६. म्हणजे सुमारे चौथा हिस्सा हाडे एकट्या पावलांत! एवढी हाडे तिथे कशाला? एकच अखंड हाड असते, तर पाऊल लाकडी पाटासारखे झाले असते. ढेकळांतून, बांधावरून, चिखलातून चालताना पावलाला क्षणाक्षणाला आकार बदलावा लागतो. तो लहान लहान हाडांमुळेच बदलता येतो.

ही हाडे सपाट मांडलेली नाहीत, तर कमानीत बसवलेली आहेत. जुन्या दगडी पुलाची कमान आठवा. दगड एकमेकांना रेटून धरतात आणि वरचे ओझे दोन्ही टोकांकडे उतरते. पावलात एक टोक टाचेचे, दुसरे चवड्याचे. पण पुलाची कमान ताठ असते, पावलाची लवचिक. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा ताणलेला असतो, धनुष्याच्या दोरीसारखा. पाऊल टेकले, की कमान किंचित दबते. उचलले, की परत वर येते. डोक्यावर पाण्याची घागर असो की पाठीवर धान्याचे पोते, त्याचा हिसका ही कमान सोसते.

या रचनेत एक हाड फार विलक्षण आहे. नडगीच्या खाली, टाचेच्या हाडावर, घोट्याच्या खोबणीत ते बसलेले असते. अंगाचा सगळा भार त्याच्यावरून पावलात उतरतो. पण त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. आजूबाजूची हाडे आणि त्यांना बांधणारे बंध यांच्या आधारानेच ते जागेवर राहते. हे हाड ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता व्यंगांकडे वळू. पहिले, सपाट पाऊल. ठशातली ती कोरडी जागा उमटलीच नाही, सगळा तळवा टेकला, तर ते सपाट पाऊल. तान्ह्या मुलाचे पाऊल सपाट दिसले, तर आईने मुळीच घाबरू नये. त्या वयात तळव्याखाली चरबीची गादी असते. कमान पुढे काही वर्षांत हळूहळू वर येते. शाळेतल्या मुलाचे पाऊल सपाट वाटले, तर गुरुजींनी त्याला चवड्यावर उभे राहायला सांगावे. तसे उभे राहताच कमान दिसली आणि पाय दुखत नसेल, तर सहसा काही करावे लागत नाही. कमान दिसलीच नाही, पाऊल ताठर वाटले किंवा मूल दुखण्याची तक्रार करू लागले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. याच्या उलट, वाढत्या मुलाची कमान नव्याने फार उंच होऊ लागली, तर तेही दाखवावे. कधी कधी त्याचे मूळ मज्जातंतूंच्या आजारात असते.

दुसरे व्यंग जन्मापासूनचे. मूल जन्मते तेव्हाच पाऊल आत वळलेले, टाच वर ओढलेली आणि तळवा दुसऱ्या पायाकडे फिरलेला असतो. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. साधारण हजार जन्मांत एक-दोन मुलांना ते असते. मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळते आणि निम्म्या मुलांत दोन्ही पावले वळलेली असतात.

अशा वेळी घरात काय होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. “ग्रहणात हिनं काहीतरी चिरलं असेल,” म्हणून बाळंतिणीला बोल लावतात. बिचारी पोराचे पाय दुपट्यात झाकून ठेवते. कुणी म्हणते, “तेल लावून चोळा, आपोआप सरळ होतील.” बंधूंनो, ग्रहणाचा आणि पावलाचा काडीचाही संबंध नाही. काही घराण्यांत ते पिढ्यांतून उतरते. पुष्कळदा निश्चित कारण सापडत नाही. आईचा त्यात दोष नसतो. तेल लावायला हरकत नाही, पण नुसत्या तेलाने ते पाऊल सरळ होत नाही, आणि जोर लावून पिळले तर कोवळ्या पावलाला इजा होते.

मग उपाय काय? मूळचे स्पेनचे, पुढे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात काम करणारे डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांनी या पावलाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९६३ साली आपल्या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाळाची हाडे पुष्कळशी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि बंध ताणले जातात. डॉक्टर मघाच्या त्या घोट्यातल्या हाडाला अंगठ्याने आधार देतात आणि बाकीचे पाऊल त्याच्याभोवती हलकेच बाहेर वळवतात. जेवढे वळेल तेवढ्यावर मांडीपासून बोटांपर्यंत प्लॅस्टर घालतात. आठवड्याने ते काढून आणखी थोडे वळवतात. अशी पाच-सहा प्लॅस्टरे बहुधा पुरतात. नंतर बहुतेक मुलांत टाचेमागची आखडलेली शीर एका लहानशा छेदाने सैल करतात. तीन आठवड्यांच्या शेवटच्या प्लॅस्टरात ती पुन्हा जुळून येते.

खरी परीक्षा इथून पुढे आहे. पाऊल सरळ झाले, की दांडीला जोडलेले दोन बूट मिळतात. ते पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी घालायचे असतात. मूल रडते, आजीला दया येते, “पाय तर झाला सरळ, आता कशाला छळता?” म्हणून बूट माळ्यावर जातात आणि पाऊल पुन्हा वळू लागते. आजीबाई, तुमची माया खरी. पण त्या पोराला उद्या शेतात आणि शाळेत धावायचे आहे. बूट सोडू नका.

म्हणून मूल जन्मताच त्याची पावले बघा. शंका आली, तर पहिल्या काही आठवड्यांतच आशाताईंना सांगा, जिल्हा रुग्णालय गाठा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. मूल मोठे झाले असले, तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून बसून राहू नका. तेव्हाही पुष्कळ करता येते.

काही व्यंगे मात्र आपण आपल्या हाताने ओढवून घेतो. निमुळत्या, घट्ट बुटांत अंगठा सतत करंगळीकडे दाबला जातो. ज्यांच्या पावलाची ठेवणच तशी असते, त्यांचा अंगठा मग कायमचा तिरका होतो आणि त्याच्या मुळाशी हाड पुढे येऊन दुखू लागते. जिथे चप्पल घासते तिथे कुरूप होते. ते ब्लेडने कापू नका. विशेषतः मधुमेह्यांनी तर मुळीच नाही. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने तळवा बधिर होतो, काटा रुतला तरी कळत नाही. अशांनी रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळवे तपासावेत आणि अनवाणी चालू नये.

नवी चप्पल घ्यायची, तर संध्याकाळी घ्या. दिवसभराच्या कामाने पाऊल थोडे सुजलेले असते. कागदावर उभे राहून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवा आणि तो कागद चांभारदादांना द्या. दोन्ही पावले अगदी सारखी क्वचितच असतात.

गुरुजी आणि बाई, तुम्हांला एक विनंती. शाळेत आरोग्य पथक तपासणीला येते, त्या दिवशी नेमके कोणते मूल घरी राहते, याची नोंद ठेवा. कवायतीत मागे उभे राहणारे, खेळाच्या तासाला झाडाखाली बसणारे मूल आळशी नसेल. पाऊल लपवीत असेल. त्याला वर्गापुढे उभे करू नका. शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जा आणि आईबापांशी चार शब्द बोला. त्याच्या पुढच्या सगळ्या चालण्याची सुरुवात कदाचित तिथूनच होईल.