घुंगरांच्या जोडीला दिवे

रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारतीची स्थापना करून ज्या कथकाला या शहरात कायमचा मुक्काम मिळवून दिला, त्या नृत्यात प्रत्येक पदाघाताची वर्दी देण्याची कामगिरी घुंगरेच चोख बजावीत आली आहेत. त्यांच्या जोडीला वेषभूषेतले दिवे आणावयाचे, तर घोट्याला त्वरणमापक बांधतात, गिरकीचा वेग मोजण्याची तजवीज जायरोस्कोपकडून होते, आणि कमरेशी दडवलेला मायक्रोकंट्रोलर त्या नोंदींवरून वस्त्रात शिवलेल्या एलईडींना हुकूम सोडतो.

खरी अडचण विलंबाची. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत मात्रा पाव सेकंदाची असते, आणि तिच्यात चार पदाघात बसवावयाचे झाल्यास दोहोंमध्ये सुमारे ६२ मिलिसेकंद उरतात. तेवढ्या अवधीत दिवा लागून विझला नाही, तर उजेड तालामागे रखडतो. शिवाय समेवर नर्तकी निश्चल उभी राहिली, तरी त्वरणमापक शून्य दाखवीत नाही, कारण गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव त्याच्या नोंदीत असतोच. तो वजा करण्याचा बंदोबस्त आधीच करावा लागतो.

जपानच्या कलावंत आत्सुको तानाका यांनी १९५६ साली रंगीत दिव्यांचा पोशाख अंगावर चढवला, तेव्हा असे संवेदक नव्हते. आज ते हाताशी आहेत; तरी माझ्या मते, कानांना घुंगरांतून कळलेले डोळ्यांना पुन्हा सांगण्यात स्वारस्य नाही. हे दिवे अभिनयातील हस्तकांसाठी राखून ठेवावेत.