पितळेचा गट पुसता पुसेना

दिवाळी जवळ आली की घराची झाडलोट होते. तशीच दुकानातल्या संगणकाचीही करावी, अशी लहर हल्ली पुष्कळांना येते. माळ्यावरचे गंजके डबे काढावेत तशी बंद झालेल्या मालाची नावे आणि जुने गट पुसायला माणसे बसतात. पण पहिल्याच फटक्याला पडद्यावर अक्षरे उमटतात : 'हा गट वापरात आहे. पुसता येणार नाही.' मग बोलावणे येते ते मला! दुकानदारांना संगणकावर हिशेब लावून देणे हा माझा व्यवसाय. या एका वाक्यावर चिडलेली माणसे मी जितकी पाहिली आहेत, तितकी उधारी बुडाल्यावर चिडलेलीही पाहिली नाहीत.

गेल्या वर्षी पुण्याच्या रविवार पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात असाच प्रकार घडला. मालकांनी पितळेची भांडी ठेवणे बंद केले होते. हिशेब पाहणाऱ्या सूनबाई 'पितळ' हा गट पुसू लागल्या, तर तो पुसेना. "ताई, दुकानात पितळेचा एक तांब्या उरलेला नाही. मग गट वापरात कसा?" त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता.

उत्तर असे की, संगणकातली वही एकसंध नसते. गटांचा तक्ता वेगळा, वस्तूंचा वेगळा, बिलांचा वेगळा. वस्तूपुढे गटाचे नाव नसते, नुसता क्रमांक असतो. 'पितळ' हा ७ क्रमांकाचा गट असेल, तर परातीपुढे ७ आणि पातेल्यापुढेही ७. तक्ते असे एकमेकांना जोडण्याची कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली, आयबीएममध्ये असताना मांडली. आता गटच पुसला, तर तो ७ कोणाचा म्हणून सांगायचा? त्या नोंदी पोरक्या होतात. माल विकून संपतो, पण बिले मागे राहतात. आणि संगणक अडून बसतो तो त्या बिलांसाठी.

मालकांच्या भाच्याला मात्र हे पटेना. "मागच्या दाराने आत शिरून ती ओळच उडवतो. दोन मिनिटांचे काम!" तो म्हणाला. मी सूनबाईंना पितळेचे शेवटचे बिल काढायला सांगितले. ते दोन वर्षांपूर्वीचे निघाले. एका मंगल कार्यालयाला मोठी पातेली दिली होती, आणि निम्मे पैसे अजून यायचे होते! त्या दुकानात जीएसटीचा एचएसएन क्रमांकही गटापुढेच नोंदलेला होता. गट उडाला असता, तर ते बिल पुन्हा छापताना अर्धवट निघाले असते. गटवार विक्रीची बेरीज एक आणि एकूण विक्री दुसरीच, असाही घोळ झाला असता. शिवाय जीएसटीच्या कायद्याने हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात.

मग भाच्याने दुसरी युक्ती काढली : पितळेच्या वस्तू 'स्टील'मध्ये ढकलाव्यात, म्हणजे गट रिकामा होईल. तीही चुकीचीच. तांब्या-पितळेच्या घरगुती भांड्यांचा क्रमांक ७४१८, लोखंड-स्टीलच्या भांड्यांचा ७३२३. जुन्या बिलांतले पितळ एका रात्रीत स्टील झाले असते!

तेव्हा असा नकार आला, तर क्रमाने चालावे. आधी साऱ्या हिशेबाची एक प्रत वेगळी काढून ठेवावी. मग त्या गटाला कोणत्या वस्तू, कोणती बिले चिकटली आहेत त्यांची यादी पाहावी. 'पितळ' आणि 'पीतळ' असा एकच गट चुकून दोनदा झाला असेल, तर वस्तू योग्य गटात हलवाव्यात आणि रिकामा झालेला गट खुशाल पुसावा. आधी लेकरे हलवायची, मग घर मोडायचे! पण गट खरा असेल आणि त्याच्यामागे बिले असतील, तर तो पुसू नये. 'बंद' अशी खूण करावी. नव्या बिलाच्या यादीत तो दिसत नाही, जुन्या बिलांत मात्र जागच्या जागी राहतो. तशी सोय नसेल, तर नावापुढे 'बंद' हा शब्द जोडला तरी भागते.

आम्ही तेच केले. जुने बिल छापून सूनबाईंनी कार्यालयाकडे धाडले, आणि पाडव्याच्या आत उरलेले पैसे आले.

जुने मुनीम चुकलेला आकडा खरवडून काढीत नसत. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहीत, म्हणजे दोन्ही वाचता येत. १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणकात प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे, असा नियम झाला आहे. झाडलोट जरूर करावी. पण ज्या फडताळात अजून कोणाचे तरी देणेघेणे ठेवलेले आहे, ते रिकामे करू नये.