पुण्याचे मालक, ब्लॅकबर्नचे चाहते

७ मे २०१२. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या ब्लॅकबर्न गावी, एवुड पार्क मैदानावर, ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि विगन यांचा सामना चालू होता. हरलं तर अकरा वर्षांनी प्रीमियर लीगमधून खाली घसरायचं, अशी वेळ रोव्हर्सवर आली होती. एवढ्यात कुणीतरी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. तिच्या अंगावर क्लबचा झेंडा गुंडाळलेला होता. सामना संपता संपता विगनने गोल केला आणि रोव्हर्स खालच्या श्रेणीत गेले.

कोंबडीचा रोख कुणावर आहे, हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. क्लबचे मालक पुण्याचे होते: कोंबडीच्या व्यवसायातल्या देशातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक असलेला वेंकीज उद्योगसमूह. परदेशी धनाढ्य मालकांचा विषय निघाला की आपल्यासमोर अरब शेख किंवा रशियन अब्जाधीश उभे राहतात. ब्लॅकबर्नच्या माणसाला विचाराल तर त्याच्या क्लबचा परदेशी मालक आपल्या पुण्यातला आहे. या वादात आपण निव्वळ बघे नाही, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

गावचा मालक, परगावचा मालक

रोव्हर्स हा १८७५ सालचा क्लब. १९९१ मध्ये तो जॅक वॉकर यांच्या हाती आला. वॉकर ब्लॅकबर्नचेच, पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेले. त्यांनी पैसा ओतला, मैदान नव्याने बांधलं आणि १९९५ मध्ये या छोट्या गावाचा संघ प्रीमियर लीग जिंकला. विकत घेतलेलं यश म्हणून तेव्हाही टीका झाली. पण वॉकर गावात भेटायचे. चुकले तर त्यांना तोंडावर बोलता यायचं.

ते २००० साली गेले. पुढे त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या विश्वस्तांनी क्लब विकायला काढला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीजने तो सुमारे २.३ कोटी पौंडांना, डोक्यावरच्या कर्जासकट घेतला. महिनाही उलटला नाही तोच अनुभवी प्रशिक्षक सॅम ॲलर्डाइस यांना निरोप मिळाला. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता, म्हणजे बरा चालला होता. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले. घसरण झाली, त्यानंतरच्या हंगामात प्रशिक्षक इतक्या वेगाने बदलले की हेनिंग बर्ग यांना ५७ दिवस मिळाले आणि मायकल ॲपल्टन यांना ६७. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. पुढच्याच वर्षी तो वर आला, पण प्रीमियर लीग दूरच राहिली.

मालकांची बाजूही सांगायला हवी. त्यांनी क्लब वाऱ्यावर सोडला नाही. वर्षामागून वर्ष तोटा भरून काढत पैसे पाठवले. पैशावर चाहत्यांचा फारसा आक्षेपही नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की मालक सामन्याला येत नाहीत, बोलत नाहीत आणि निर्णय का घेतले ते सांगत नाहीत. पुढे २०२३ नंतर भारतातल्या तपासामुळे इंग्लंडला पैसे पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. आपल्या संघाला पुढच्या हंगामात खेळाडू घेता येतील का, हे जाणून घ्यायला लँकेशायरचा निवृत्त कामगार दिल्लीतल्या कोर्टाच्या तारखांवर डोळे लावून बसला. मालकी दूर गेली की क्लबचं भवितव्य कुठल्या टेबलावर ठरतं, याचा यापेक्षा ठळक दाखला मिळणार नाही.

मालक जेव्हा एक देश असतो

वेंकीज हा एका खासगी कुटुंबाचा उद्योग. मालकाच्या जागी एखाद्या देशाची तिजोरी आली, की वादाचा पोतच बदलतो.

न्यूकॅसल युनायटेडचे चाहते क्रीडासाहित्याच्या दुकानांचे मालक माइक ॲशली यांना कंटाळले होते. २००७ पासूनच्या त्यांच्या कारकिर्दीत संघ दोनदा खालच्या श्रेणीत गेला. सेंट जेम्स पार्क या शंभराहून जास्त वर्षांच्या मैदानाला काही काळ त्यांनी आपल्या दुकानाचं नाव दिलं. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालील गटाने सुमारे ३०.५ कोटी पौंडांना क्लब घेतला. त्यात ८० टक्के हिस्सा सौदी निधीचा होता. मैदानाबाहेर हजारो लोक जमले, काहींनी तर अरबी पोशाखासारखे कपडे चढवले. चाहत्यांच्या संघटनेने सभासदांचा कौल घेतला होता, त्यात ९० टक्क्यांहून जास्त मतं या व्यवहाराच्या बाजूने पडली होती.

या निधीचे प्रमुख युवराज मोहम्मद बिन सलमान. पत्रकार जमाल खाशोगी यांची २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत हत्या झाली, त्या प्रकरणात त्यांचंच नाव जगभर घेतलं गेलं. प्रीमियर लीगने म्हटलं, सौदी सरकार क्लब चालवणार नाही अशी कायदेशीर हमी आम्हाला मिळाली आहे. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या गोल्फसंबंधीच्या एका खटल्यात निधीच्या वकिलांनी लेखी सांगितलं, की निधीचे गव्हर्नर यासिर अल-रुमय्यान हे सौदी सरकारचे मंत्री आहेत. हेच गृहस्थ न्यूकॅसलचे अध्यक्ष. लंडनला दिलेली हमी आणि अमेरिकेतली बाजू यांचा मेळ कसा बसवायचा, हा प्रश्न आजही तसाच आहे.

१३ मार्च २०२२ चा चेल्सी–न्यूकॅसल सामना या सगळ्याचा एकाच दुपारी पंचनामा करतो. युक्रेन युद्धानंतर ब्रिटनने चेल्सीचे रशियन मालक रोमान अब्रामोविच यांच्यावर तीनच दिवसांपूर्वी निर्बंध घातले होते. क्लबला नवी तिकिटं किंवा जर्सी विकायला बंदी होती. त्याआधीच्या आठवड्यात युक्रेनसाठी टाळ्यांचा गजर चालू असताना चेल्सीच्या काही चाहत्यांनी अब्रामोविच यांच्या नावाचा घोष केला होता. न्यूकॅसलच्या मालकांच्या देशात आदल्याच दिवशी एका दिवसात ८१ जणांना मृत्युदंड दिला गेला होता. सामना चेल्सीने १–० असा जिंकला. न्यूकॅसलचे प्रशिक्षक एडी हाव यांना मृत्युदंडांबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी आपण फुटबॉलपुरतंच बोलू असं सांगितलं.

चाहते काय म्हणतात

न्यूकॅसलच्या चाहत्यांत यावरून उभी फूट पडली आहे. दोन्ही बाजूंचं म्हणणं प्रामाणिक आहे.

एक बाजू विचारते: आमचा दोष काय? क्लब विकताना आम्हाला कुणी विचारलं नाही. ब्रिटिश सरकार सौदींना शस्त्रं विकतं, याच निधीचा पैसा उबरसारख्या कंपन्यांत आहे, मग नीतीची परीक्षा शनिवारी मैदानावर जाणाऱ्यानेच का द्यायची? नव्या मालकांनी महिला संघाकडेही लक्ष दिलं, तो व्यावसायिक केला. आणि १६ मार्च २०२५ रोजी वेम्बलीवर लिव्हरपूलला २–१ हरवून संघाने लीग कप जिंकला. इंग्लंडमधला मोठा करंडक न्यूकॅसलने त्याआधी १९५५ मध्ये उचलला होता. पहिला गोल डॅन बर्नचा, त्याच भागात वाढलेल्या आणि लहानपणापासून याच संघावर जीव टाकणाऱ्या खेळाडूचा. आजोबांनी सांगितलेल्या करंडकानंतर थेट नातवाच्या डोळ्यांसमोर आलेला हा क्षण. त्या आनंदाला खोटं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

दुसरी बाजू म्हणते, नेमका हाच आनंद त्यांना विकत हवा होता. खेळाच्या उजेडात राज्यकर्त्यांची प्रतिमा धुऊन निघते, याला जगभर स्पोर्ट्सवॉशिंग म्हणतात. न्यूकॅसलच्याच काही चाहत्यांनी त्याविरुद्ध गट उभा केला आणि सौदी तुरुंगांतल्या कैद्यांचा प्रश्न मैदानाच्या दारात आणला. आपल्याच लोकांच्या शिव्या खाऊन ते हे करत राहिले. सत्तर वर्षांचा दुष्काळ संपत असताना असं बोलायला धैर्य लागतं.

मला पहिल्या बाजूचं अर्धं पटतं. चाहत्याने मालक निवडलेला नाही, म्हणून त्याने संघ सोडावा हे मागणं अन्याय्य आहे. संघाला टाळ्या द्याव्यात, कितीही. पण मालकाची वकिली आपल्या अंगावर घेऊ नये. खाशोगींचा विषय निघाल्यावर "बाकीचे कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत?" असं म्हणताना चाहता नकळत एका राजवटीचा प्रवक्ता होतो. मालकाला नेमकं तेच हवं असतं.

मुंबईपर्यंत आलेली साखळी

या वादाचं दुसरं टोक मुंबईत आहे. मँचेस्टर सिटी २००८ मध्ये अबू धाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांच्या गटाने घेतला. २०१३ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप उभा राहिला आणि न्यूयॉर्क, मेलबर्न, जिरोना अशी एकाच मालकीच्या क्लबांची साखळी जगभर पसरली. नोव्हेंबर २०१९ मध्ये या गटाने मुंबई सिटी एफसीचे ६५ टक्के भाग घेतले. फायदा लगेच दिसला. २०२०–२१ मध्ये मुंबईने इंडियन सुपर लीगची (आयएसएल) शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, अंतिम सामना गोव्यात फातोर्ड्याला झाला. २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला.

६ नोव्हेंबर २०२३ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सौदीचा अल हिलाल संघ मुंबईशी खेळायला आला. नेमार जखमी असल्याने आला नाही, तरी गर्दी झाली. मुंबई ०–२ हरली. तेव्हा अल हिलालचे ७५ टक्के भाग त्याच सौदी निधीकडे होते, मुंबईचे ६५ टक्के अबू धाबीच्या गटाकडे. म्हणजे नवी मुंबईत, मराठी घोषणांच्या गजरात, आखातातले दोन पैसेवाले समोरासमोर उभे होते. गॅलरीतल्या पोरांच्या मनात अर्थातच मुंबईच होती, आणि ते योग्यच होतं.

डिसेंबर २०२५ मध्ये आयएसएलचं भवितव्य अधांतरी असताना सिटी ग्रुपने मुंबईतून अंग काढून घेतलं. व्यवसाय म्हणून पाहिलं तर निर्णय समजण्यासारखा आहे. पण ज्यांनी सहा वर्षं घसा कोरडा केला, त्यांना ही गोष्ट बातमीतूनच कळली. परदेशी मालकच असं करतात असं नाही. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा नावाजलेला संघ २०१० मध्ये बंद झाला, तोही कंपनीच्याच निर्णयाने. मालक कुठलाही असो, चाहत्याच्या हातात काहीच नाही, हे दुखणं सारखंच आहे.

मत असलं की काय होतं

जर्मनीत चित्र वेगळं आहे. तिथे १९९८ पासून "५० अधिक १" हा नियम आहे: लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्ग असे मोजके अपवाद सोडले तर क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून एक मत जास्त असलंच पाहिजे. पैसेवाला भाग घेऊ शकतो, सत्ता घेऊ शकत नाही. लीगच्या उत्पन्नातला हिस्सा गुंतवणूकदाराला द्यायचा घाट २०२३ च्या अखेरीस घातला गेला, तेव्हा चाहत्यांनी आठवड्यामागून आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकून सामने थांबवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो व्यवहार गुंडाळला. बायर्न म्युनिकच्या सभासदांनी कतार एअरवेजच्या प्रायोजकत्वावरून २०२१ च्या वार्षिक सभेत पदाधिकाऱ्यांना धारेवर धरलं, २०२३ मध्ये तो करार संपला. या पद्धतीने सगळे संघ बरोबरीला येतात असं मात्र नाही. बायर्नने सलग अकरा वेळा लीग जिंकली. तरीही क्लब कुणाचा, या प्रश्नाला तिथे कागदावर उत्तर आहे.

इंग्लंडला हे उशिरा सुचलं. एप्रिल २०२१ मध्ये सहा बड्या इंग्रज क्लबांनी युरोपीय सुपर लीगचा बेत जाहीर केला. चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत तो बेत फसला. त्यातून सुरू झालेल्या चर्चेतून २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा आणि स्वतंत्र नियामक आला. क्लबचं बोधचिन्ह किंवा घरचे रंग बदलायचे तर चाहत्यांचा कौल घ्यावा लागणार. कार्डिफच्या मलेशियन मालकाने २०१२ मध्ये संघाचा निळा रंग लाल केला होता, आणि अडीच वर्षांच्या विरोधानंतर तो निळा झाला, तशी वेळ आता येऊ नये.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे. २०२० मध्ये मोहन बागान या जुन्या क्लबच्या नावाआधी नव्या मालकांच्या संघाचं नाव, "एटीके", लागलं. कोलकात्याच्या चाहत्यांनी ते काढण्यासाठी तीन वर्षं मोहीम चालवली. मार्च २०२३ मध्ये फातोर्ड्याला करंडक जिंकल्यावर मालक संजीव गोएंका यांनी ते नाव काढल्याचं जाहीर केलं. नियम नसताना चाहत्यांनी हे मिळवलं. नियम असता तर तीन वर्षं लागली नसती.

भारतीय फुटबॉलची घडी आता नव्याने बसवायची वेळ आली आहे, आणि ती बसवताना एक अट घालता येईल. पैसा मालकाने आणावा, रोजचा कारभारही त्यानेच पाहावा. पण नाव, रंग, मैदान आणि विक्री या चार बाबतींत नोंदणीकृत चाहत्यांचं मत बंधनकारक असावं, आणि त्यांचे दोन निवडून दिलेले प्रतिनिधी संचालक मंडळावर असावेत. ब्लॅकबर्नमध्ये पुणेकरांवर असा अंकुश असता, तर मैदानात कोंबडी सोडण्याऐवजी सभेत हात वर करून मत देता आलं असतं. ज्याच्या हाती मतच नाही, त्याच्याकडे नीतीचा जाब मागणं सोपं असतं आणि निरुपयोगीही. आधी मत द्या. मग जाब जरूर विचारा, न्यूकॅसलच्या चाहत्याला, मुंबईच्या चाहत्याला आणि मालक आपल्या गावचा असेल तर आपल्यालाही.